आधी तास सांगा, मग हॉर्सपॉवर

होस्टेलवर गाड्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती पॉवर काढते?" मग कुणी रिमॅप केलेल्या स्विफ्टचा आकडा सांगतो, कुणी मोठा टर्बो बसवलेल्या पोलोचा. मोबाइलवर व्हिडिओ फिरतो. डायनोवर गाडी बांधलेली, आवाज टिपेला गेलेला, पडद्यावर आकडा उमटतो आणि सगळे टाळ्या पिटतात. तेच इंजिन पुढच्या महिन्यात कुठं होतं, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

मित्रांनो, माझं म्हणणं साधं आहे. हॉर्सपॉवरचा आकडा एकटा सांगायलाच बंदी पाहिजे. एचपी सांगायची असेल तर तिच्या शेजारी तास सांगायचे. एवढी पॉवर, सलग एवढे तास, एवढ्या तापमानात. नुसती पॉवर सांगणं म्हणजे पगार सांगायचा आणि नोकरी किती दिवसांची आहे ते लपवायचं, तसला प्रकार झाला. आणि हे तास टर्बोतून येत नाहीत, ईसीयूच्या मॅपमधूनही येत नाहीत. ते येतात इंजिन उघडून, मोजून, नीट परत बांधण्यातून. नेमकं तेच काम आपण चार वर्षांत एकदाही मनापासून करत नाही.

पॉवर वाढते म्हणजे काय होतं?

दुसऱ्या वर्षाला पाठ केलेलं सूत्र आठवा. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, उत्तर किलोवॅटमध्ये. म्हणजे पॉवर वाढवायचे रस्ते दोनच. एक तर स्फोट जोरात करा, नाहीतर तोच स्फोट मिनिटाला जास्त वेळा करा.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातून २०१० मध्ये लिनिया टी-जेट निघाली. १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, ५००० आरपीएमला ११४ पीएस, टॉर्क २०७ न्यूटन मीटर. मग २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली. इंजिन त्याच घराण्यातलं, तेवढ्याच सीसीचं, पण पॉवर १४५ बीएचपी, तीही ५५०० आरपीएमला. आता गंमत बघा. टॉर्क किती वाढला? २०७ वरून २१२. फक्त पाच! मग पॉवर सव्वापटीच्या वर कशी गेली?

सूत्रात आकडे घालून बघा. लिनियाचा टॉर्क ५००० आरपीएमला १६० च्या आसपास उतरलेला असतो. अबार्थचा टॉर्क ५५०० ला सुद्धा १८८ च्या घरात टिकून आहे. म्हणजे कंपनीने स्फोटाचा जोर एकदम वाढवला नाही, तो वरच्या आरपीएमपर्यंत टिकवून धरला. हवा जास्त वेळ पुरवली, उष्णता जास्त वेळ झेलली. हे करताना त्यांच्याकडे टेस्ट बेड होते, मोजलेले पार्ट होते आणि डोक्यावर वॉरंटी होती. आपला गल्लीतला ट्यूनर लॅपटॉप जोडून पंधरा मिनिटांत तेवढाच आकडा काढून दाखवतो. आकडा खोटा नसतो. त्याच्यामागचे तास मात्र कुणी तपासलेले नसतात.

भार पडतो कुणावर?

हे समजायला ओरलच्या आदल्या रात्री करतो तेवढंच गणित पुरे. याच १३६८ सीसीच्या इंजिनचा बोअर ७२ मिमी आणि स्ट्रोक ८४ मिमी. स्फोटाच्या वेळी सिलिंडरमधला दाब ८० बार धरला तर पिस्टनच्या डोक्यावर सव्वातीन टनांचा दणका बसतो. बूस्ट वाढवून तोच दाब १०० बारवर नेला तर चार टनांच्या वर. हा झाला ढकलणारा भार.

दुसरा भार ओढणारा आहे आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. पिस्टन, पिन, रिंगा आणि कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक मिळून ४०० ग्रॅम वजन धरा. रॉडच्या लांबीशी क्रँकच्या त्रिज्येचं प्रमाण ०.३ धरा. ६५०० आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला पोचून वळतो तेव्हा हेच ४०० ग्रॅम रॉडला साधारण एक टनाच्या ताकदीने वर ओढतात. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी तर वरून दाबायला गॅसही नसतो. सगळा भार येतो रॉडच्या दोन बोल्टवर, सेकंदाला चोपन्न वेळा. आता हौसेने रेव्ह लिमिट ७५०० केली, तर आरपीएम वाढले पंधरा टक्के, पण हा भार वाढतो तेहतीस टक्के, कारण तो आरपीएमच्या वर्गात वाढतो. म्हणून स्फोटाने रॉड वाकतो आणि आरपीएमने रॉडचे बोल्ट तुटतात. बोल्ट तुटला की रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो आणि मग दुरुस्त करायला काही उरतच नाही.

त्यात धातूचा थकवा ही भानगड वेगळी. जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं होतं की एकदा सहन होणारा ताण लाखो वेळा सहन होईलच असं नाही. आपण मशीन डिझाइनमध्ये तो आलेख काढतो, दहा मार्क घेतो आणि विसरून जातो. गिअरबॉक्समधल्या बॉल बेअरिंगचं बघा. भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होत नाही, एक अष्टमांश होतं. पॉवर वीस टक्के वाढवली तर आयुष्य वीस टक्के कमी होईल, हा हिशेब वाणसामानाचा आहे, धातूचा नाही.

खरं काम मायक्रोमीटरचं

मग जास्त पॉवरचं इंजिन बांधायचं कसं? बहुतेकांच्या डोक्यात यादी असते: फोर्ज्ड पिस्टन, फोर्ज्ड रॉड, मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर. पार्सल आलं की बसवलं. पण फोर्ज्ड पार्ट चुकीच्या मापात बसवला तर साध्या कास्ट पार्टपेक्षा लवकर मरतो. पार्ट पैशाने मिळतात, माप मिळत नाही. ते घ्यावं लागतं.

पिस्टन रिंगचंच घ्या. रिंगच्या दोन टोकांत फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर रिंग लांबते. साध्या इंजिनला बोअरच्या दर मिलिमीटरला ०.००४ मिमी हा जुना ठोकताळा. आपल्या ७२ मिमीच्या बोअरला ती फट झाली ०.२९ मिमी. टर्बोने उष्णता वाढवली तर दर मिलिमीटरला ०.००६ पर्यंत जावं लागतं, म्हणजे ०.४३ मिमी. फरक फक्त ०.१४ मिमीचा. हा फरक ठेवला नाही, तर पूर्ण लोडवर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये आवळते आणि पिस्टनच्या खाचेचा काठच तोडून टाकते. लाखाचं काम दोन दशांश मिलिमीटरच्या आतल्या फटीपायी जातं. एक फीलर गेज आणि एक बारीक कानस, एवढंच सामान लागलं असतं.

बेअरिंगचं तसंच. क्रँकचा जर्नल ५० मिमीचा असेल तर ऑइलसाठी ०.०५ मिमीच्या आसपास जागा ठेवायची, डोक्यावरच्या बारीक केसाएवढी. जागा कमी पडली तर ऑइलचा थर टिकत नाही आणि बेअरिंग धरतं. जास्त झाली तर ऑइल बाजूने निघून जातं आणि प्रेशर पडतं. पॉवर वाढवताना ही जागा किती वाढवायची, त्यानुसार ऑइल कोणत्या ग्रेडचं आणि पंप केवढा, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. एकाचं उत्तर बदललं की तिन्ही बदलतात.

बोल्टचं तर विचारूच नका. टॉर्क रेंच आवाज करतो म्हणजे बोल्ट बरोबर आवळला, असा आपला समज. पण आपण लावलेला बराचसा जोर आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणातच जातो. आटे कोरडे असतील तर एक ताण येतो, ऑइल लावलं तर दुसरा. म्हणून मॅन्युअलमध्ये "एवढा टॉर्क आणि मग एवढे अंश फिरवा" असं लिहिलेलं असतं. काही बोल्ट एकदा ताणले की परत वापरायचे नसतात. "जुनेच चालतील की" म्हणून वाचवलेले दोनशे रुपये पुढे आख्ख्या ब्लॉकच्या भावात पडतात.

म्हणून जास्त पॉवरसाठी इंजिन बांधायचा माझ्या मते योग्य क्रम असा. आधी ब्लॉक धुऊन त्याला चीर आहे का ते डायने तपासायचं. हेड आवळल्यावर ब्लॉकचा बोअर किंचित वाकडा होतो, म्हणून होनिंग करताना हेडच्या जागी जाड प्लेट आवळायची. क्रँक मोजायचा, बॅलन्स करायचा. चारही पिस्टन आणि चारही रॉड वजनाला सारखे करायचे. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला बोअरमध्ये जास्त जागा द्यायची. थंड असताना तो थोडा खडखडेल, त्याला घाबरायचं नाही. हेड सपाट आहे का बघायचं. वळणावर ऑइल एका बाजूला पळू नये म्हणून सम्पमध्ये आडपट्ट्या लावायच्या. रेडिएटर, क्लच, गिअर आणि ब्रेक वाढलेल्या पॉवरला पुरतात का हे बघायचं. आणि सगळ्यात शेवटी टर्बोकडे वळायचं. आपल्याकडे हाच क्रम उलटा चालतो, कारण टर्बो बॉनेट उघडल्यावर दिसतो. रिंगची फट दिसत नाही.

किती तास, हे कुणी ठरवायचं?

तासांशिवाय पॉवरला अर्थ नाही, हे मोठमोठ्या लोकांनी मान्य करून ठेवलं आहे. १९३१ मध्ये इंग्लंडात श्नायडर ट्रॉफीच्या विमान शर्यतीसाठी रोल्स-रॉइसने आपलं 'आर' इंजिन तयार केलं. १९२९ मध्ये तेच इंजिन १९०० हॉर्सपॉवर देत होतं, १९३१ मध्ये ते २३५० वर नेलं. त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. इंजिन टेस्ट बेडवर बांधायचं, पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि काहीतरी तुटेपर्यंत चालवायचं. जे तुटलं ते मजबूत करायचं, परत चालवायचं. पूर्ण ताकदीवर सलग एक तास चाललं पाहिजे, ही कसोटी. शर्यत जिंकायला एवढंच पुरत होतं, म्हणून त्यांनी एवढंच मागितलं. महत्त्वाचं हे की तास आधी ठरवला होता.

दुसरं टोक फॉर्म्युला वनचं. १९८३ मध्ये नेल्सन पिके ज्या ब्रॅबहॅममधून विश्वविजेता झाला, तिचं बीएमडब्ल्यू टर्बो इंजिन रस्त्यावरच्या गाडीच्या चार सिलिंडरच्या लोखंडी ब्लॉकवर बांधलेलं होतं. दीड लिटरचं. पुढच्या दोन-तीन वर्षांत क्वालिफाइंगसाठी त्यातून हजाराच्या वर हॉर्सपॉवर काढली गेली. पण ती इंजिनं मोजक्या फेऱ्यांसाठीच असायची, मग उघडून परत बांधायची. त्यांना ते परवडत होतं, कारण मागे ट्रकभर इंजिनं उभी असायची. नंतर फॉर्म्युला वनलाही हे परवडेनासं झालं. २०१८ मध्ये तर आख्ख्या हंगामाला प्रत्येक ड्रायव्हरमागे तीनच इंजिनं, असा नियम होता. जास्त वापरलं तर स्टार्टिंग ग्रिडवर मागे जायची शिक्षा.

आपल्या रेसिंग टीमच्या पोरांना तर हे वेगळं सांगायला नको. फॉर्म्युला एसएईच्या नियमात १००० पैकी अॅक्सिलरेशनला १०० गुण आणि एन्ड्युरन्सला २७५. त्यात एफिशियन्सीचे १०० वेगळे, आणि तेही एन्ड्युरन्स पूर्ण केली तरच. बाजामध्ये चार तासांची एन्ड्युरन्स ४०० गुणांची. तरी सहा महिने चर्चा कसली, तर चाकणला बनलेल्या केटीएम ३९० च्या ३७३ सीसी इंजिनमधून २० मिमीच्या रिस्ट्रिक्टरमागे किती पॉवर निघेल याची. आणि गाडी उभी राहते कशाने? गरम होऊन, ऑइल प्रेशर पडून, नाहीतर दहा रुपयाचा क्लिप निघून.

गावाकडचा हिशेब

माझं गाव केदारखेडा, तालुका भोकरदन. पूर्णा नदीच्या काठी, जालना–भोकरदन रस्त्यावर. आमच्याकडं अबार्थ नाही. आमच्याकडं हॉर्सपॉवर म्हणजे ट्रॅक्टर, पिकअप आणि विहिरीवरचं इंजिन. पण जास्त पॉवरची हौस तिथंही आहे आणि तिचं नाव आहे 'पंप वाढवणं'. मोठा रोटाव्हेटर ओढत नाही, डबल ट्रॉली चढाला दम टाकते, मग फ्युएल पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवायचा. डिझेल जास्त जातं, ट्रॅक्टर उड्या मारतो आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघाला की लोक खूश, "आता खरं इंजिन मोकळं झालं."

काळा धूर म्हणजे हवा पुरली नाही म्हणून न जळलेलं डिझेल. डिझेल वाढलं, हवा तेवढीच, रेडिएटर तेवढाच, पिस्टन तेच. एक्झॉस्ट तापतो, पिस्टनचं डोकं भाजतं, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. मग भर जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, इंजिन जाम. होस्टेलवरच्या पोराची रिमॅप केलेली गाडी बसली तर तो घरी फोन करतो. इथं मात्र कापूस-मक्याची पेरणी पंधरा दिवस पुढे जाते, भाड्याच्या ट्रॅक्टरची रांग लागते आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. तासांचा आकडा महत्त्वाचा का, हे मला पुस्तकापेक्षा या हिशेबाने जास्त पटतं.

आमच्या भागातल्या मिस्त्रींबद्दल मात्र मला आदर आहे. आपण 'रिलायबिलिटी' या विषयावर पीपीटी करतो, ते त्याचं एकक रोज वापरतात. "दोन सीझन निघतील, पुढचं सांगत नाही," असं इंजिन बांधून देताना सांगतात. बघा, पॉवरच्या आधी तास सांगितले की नाही! हे सांगायची हिंमत लॅपटॉपवाल्या ट्यूनरमध्ये नसते. कमी पडतं ते पुढचं. माप बोटाने घेतलं जातं, बेअरिंगची जागा क्रँक हाताने फिरवून ठरते आणि काय केलं ते कुठंही लिहून ठेवलं जात नाही. दोन सीझनऐवजी एकच निघाला तर का निघाला, हे शोधायला मागे काही राहतच नाही.

धातूच्या बाबतीतही तेच. जालना म्हटलं की सळई. भट्टीत भंगार वितळवून सळई ओढणाऱ्या कारखान्यांनी आमचा जिल्हा ओळखला जातो. त्यामुळं "लोखंड ते लोखंड" ही भाषा आमच्याकडं सहज येते. पण बांधकामाची सळई आणि क्रँकशाफ्ट हे एका जातीचं लोखंड नव्हे. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्ज क्रँक बनवते, तिथं घणाखाली स्टील दाबताना त्याचे तंतू क्रँकच्या वळणाने वळवले जातात, मग हीट ट्रीटमेंट होते. काही क्रँकवर नायट्रायडिंगचा कडक थर असतो, तो अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. असा क्रँक ग्राइंड करून घेतला की तो थर निघून जाऊ शकतो. परत नायट्रायडिंग केलं नाही तर चकचकीत दिसणारा क्रँक आतून मऊ. मिस्त्रीला हे कुणी सांगायचं? ज्याने मटेरियल सायन्सचा पेपर दिला त्याने. म्हणजे तुम्ही आणि मी.

आपल्या कॉलेजात काय व्हावं?

आता थोडं घरातलं. आपल्या लॅबमध्ये इंजिन आहे. त्याची मोर्स टेस्ट होते, हीट बॅलन्स शीट होतं, आणि रीडिंग कुठून येतात हे सरांनाही माहीत आहे आणि आपल्यालाही. मागच्या बॅचच्या जर्नलमधून. मेट्रॉलॉजीच्या कपाटात बोअर गेज आहे, मायक्रोमीटर आहेत, पण ते वर्षातून दोन तास बाहेर येतात आणि लाकडी ठोकळा मोजून परत जातात. एका हाताला इंजिन, दुसऱ्या हाताला मापं, मध्ये कुलूप.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक बॅचला भंगारातलं एक कार इंजिन द्या. दुसऱ्या वर्षी ते उघडावं आणि प्रत्येक माप एका वहीत लिहावं. तिसऱ्या वर्षी ते बांधावं. हवं तर वीस टक्के जास्त पॉवरसाठी बांधावं, पण कुठला पार्ट का बदलला आणि कुठली फट किती ठेवली हे लिहून. फायनल इयरला ते डायनॅमोमीटरवर लोड देऊन पन्नास तास चालवावं आणि परत उघडून तीच मापं पुन्हा घ्यावीत. पन्नास तासांत काय झिजलं, हे स्वतःच्या हाताने मोजलेल्या पोराला पुढे कुठल्याही इंटरव्ह्यूत घाम फुटणार नाही. इंजिन फुटलं तरी मार्क कापू नका. का फुटलं हे सांगता आलं नाही तर कापा. आणि ती वही पुढच्या बॅचला द्यायची. जर्नल उतरवायची परंपरा आपल्याकडे आहेच, निदान उतरवण्यासारखं काहीतरी खरं असू द्या.

यावर आक्षेप येणार, ते मला माहीत आहेत. पहिला, इलेक्ट्रिक गाड्यांच्या काळात हे कशाला? अहो, मोटरलाही बेअरिंग आहे, शाफ्ट आहे, उष्णता आहे, बोल्ट आहेत. मापात काम करायची सवय पेट्रोलबरोबर संपत नाही. आणि गावोगावचे डिझेल ट्रॅक्टर उद्या सकाळी गायब होणार नाहीत.

दुसरा आक्षेप, पोरं शिकतील आणि रस्त्यावरच्या गाड्या वाढवत सुटतील. ही भीती खरी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायला मनाई करतं आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. ब्रेक आणि टायर ११४ पीएसचे आणि इंजिन २०० चं, अशी गाडी रस्त्यावर आली तर मरणारा बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी असतो. पण म्हणूनच तर हे काम टेस्ट बेडवर आणि ट्रॅकवर झालं पाहिजे, सरांच्या देखरेखीखाली. ज्याने चार टनांचा दणका कागदावर मांडला आहे, तो रस्त्यावर थोडा जास्त जबाबदारीने वागेल असा माझा विश्वास आहे. ज्याने फक्त व्हिडिओ बघितले आहेत, त्याच्याबद्दल मला तसा विश्वास नाही.

तिसरा आक्षेप, वेळ नाही. यावर बोलत नाही. गॅदरिंगच्या आधी महिनाभर आपण काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे.

सरांना विनंती आहे की मेट्रॉलॉजीच्या कपाटाची किल्ली आठवड्यातून एक दुपार तरी आमच्याकडे राहू द्या. आणि मित्रांनो, तुम्हालाही एक विनंती. उद्या मेसमध्ये कुणी म्हणाला की अमुक गाडी अडीचशे काढते, तर त्याला हसू नका, वादही घालू नका. फक्त विचारा, "किती तास?" उत्तर आलं तर माझ्या खोलीवर पाठवा, त्याच्याकडून मला शिकायचं आहे.

– एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
(मु. पो. केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना)